वांगं, टोमॅटो आणि एका शब्दाचा रिव्ह्यू

पदार्थांची नावं सहसा सरळ असतात. पिठलं पिठाचं असतं, मिसळीत सगळं मिसळलेलं असतं, भरली वांगी भरलेली असतात. कृतीवरून नाव नाही मिळालं तर गावावरून मिळतं: कोल्हापुरी, मालवणी, वऱ्हाडी. इटलीतही हाच कारभार. लसूण आणि तेल घातलेल्या पास्त्याचं नाव ‘आल्यो ए ओल्यो’, म्हणजे शब्दशः लसूण आणि तेल. बोलोन्या शहराचा तो बोलोन्येझे.

सिसिली बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, एत्ना ज्वालामुखीच्या पायथ्याशी कातानिया नावाचं शहर आहे. तिथे तळलेली वांगी, टोमॅटोचा सॉस, तुळशीच्या जातकुळीतला बेसिल आणि वर किसलेलं खारट चीज असा एक साधा पास्ता करतात. त्याचं नाव ‘पास्ता आल्ला नॉर्मा’. नॉर्मा हे गाव नाही, घटक नाही, हा पास्ता पहिल्यांदा करणाऱ्या बाईचंही नाव नाही. ‘नॉर्मा’ हा विन्चेन्झो बेल्लिनीचा ऑपेरा आहे, आणि बेल्लिनी कातानियाचा. कुणीतरी हा पास्ता खाल्ला आणि म्हणालं, ही तर नॉर्माच!

म्हणजे हे नाव मुळात एक अभिप्राय आहे. खाणाऱ्याने तुलना केली आणि ती तुलनाच नाव होऊन बसली. याहून छोटा आणि याहून जास्त टिकलेला रिव्ह्यू मला तरी माहीत नाही.

रिव्ह्यू हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचून त्यावर मत द्यायचं आणि आपल्या कोडवर दुसऱ्यांची मतं ऐकून घ्यायची, यात माझा अर्धा दिवस जातो. आमच्याकडे ‘एलजीटीएम’ नावाचा चार अक्षरी शेरा चालतो. अर्थ: मला ठीक वाटतंय. चारशे ओळी लिहायला तीन दिवस लागलेले असतात आणि खाली ही चार अक्षरं येतात. स्तुतीच असते ती, तक्रार करता येत नाही. पण वाचून कळत काहीच नाही. त्याने कोड वाचला का? काय आवडलं? रात्री जेवण मागवलं की ॲप विचारतं, पाचपैकी किती तारे? तिथेही तेच.

त्यामुळे पुढचं लिखाण पाककृतीचं कमी आणि ‘नॉर्मा’ या रिव्ह्यूच्या रिव्ह्यूचं जास्त आहे. ही स्तुती खरी आहे का? आणि ती करताना कुणाचं नाव पुसलं गेलं?

आधी पदार्थ

समीक्षा करायची तर आधी संहिता नीट वाचायला हवी. चार जणांसाठी साधारण ४०० ग्रॅम पास्ता (रिगातोनी किंवा पेन्नेसारखा नळीचा चांगला), ६०० ग्रॅम वांगी, ८०० ग्रॅम टोमॅटो, लसणाच्या दोन पाकळ्या, मूठभर बेसिल, ऑलिव्ह तेल, मीठ आणि ‘रिकोत्ता सालाता’. घटकांची यादी इथेच संपते. कांदा नाही, मिरची नाही, क्रीम नाही, ज्याला इंटरनेटवर सरसकट ‘इटालियन सीझनिंग’ म्हणतात ते तर अजिबात नाही.

यादी छोटी म्हणून पदार्थ सोपा, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात काय होतं बघा. वांग्याचे सेंटीमीटरभर जाड काप करायचे, मीठ लावून चाळणीत अर्धा तास ठेवायचे. जुनी पुस्तकं म्हणतात की मिठाने कडवटपणा निघतो. हल्लीच्या वाणांत कडवटपणा फारसा नसतोच. मिठाचा खरा उपयोग वेगळा आहे. वांग्याचा गर स्पंजसारखा असतो, आत हवेच्या असंख्य पोकळ्या. मीठ पाणी ओढून घेतं, पेशी बसतात, पोकळ्या दबतात, आणि मग तळताना वांगं तेल कमी पितं. ज्याने कधी मीठ न लावता वांगं परतलंय त्याला माहीत असतं, कढईत टाकलेलं तेल दोन मिनिटांत गायब होतं आणि फोडी तरीही कोरड्याच दिसतात.

मग काप पुसायचे. फडक्याने, एकेक. मग भरपूर गरम तेलात, थोडे थोडे, दोन्ही बाजूंनी चांगला तांबूस रंग येईपर्यंत तळायचे. कढईत गर्दी केली की तेलाचं तापमान उतरतं आणि वांगं तळण्याऐवजी शिजतं. ६०० ग्रॅम वांग्यांना तीन-चार घाणे लागतात. दुसऱ्या भांड्यात ऑलिव्ह तेलात लसूण, त्यावर टोमॅटो, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. आपल्याकडचे जाड सालीचे, प्रवासासाठी वाढवलेले टोमॅटो असतील तर जास्तच वेळ, कारण त्यांत पाणी जास्त आणि गोडवा कमी. तिसऱ्या भांड्यात खळखळतं खारं पाणी आणि पास्ता. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या एक मिनिट आधी तो उपसायचा, सॉसमध्ये घालायचा, पास्त्याच्या पाण्याचा एक डाव ओतून जोरात हलवायचा. त्या पाण्यातल्या स्टार्चमुळे सॉस पास्त्याला चिकटतो. अर्धी वांगी आत, अर्धी वर. मग हाताने तोडलेला बेसिल, आणि शेवटी चीज किसून.

या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट जी यादीत दिसत नाही. इथे वांगं सॉसमध्ये शिजत नाही. वांगं, टोमॅटो, पास्ता आणि चीज हे चौघं शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत एकमेकांना भेटत नाहीत. म्हणूनच घासात वांग्याची कड खुसखुशीत लागते, आतला गर लोण्यासारखा, टोमॅटो आंबट आणि चीज खारट. चारही चवी आपापल्या जागी उभ्या असतात.

आपल्या भरल्या वांग्यांचा विचार याच्या बरोबर उलटा आहे. देठ ठेवून चार चिरा द्यायच्या, दाण्याचं कूट, खोबरं, गोडा मसाला, चिंच-गूळ आत भरायचं आणि झाकण ठेवून इतकं शिजवायचं की मसाला कुठे संपतो आणि वांगं कुठे सुरू होतं हे सांगता येऊ नये. तिथे यश म्हणजे मिसळून जाणं. नॉर्मामध्ये यश म्हणजे शेजारी राहणं. दोन्ही अवघड आहे. पण ‘साधा पास्ता’ म्हणताना ‘साधा’ हा शब्द तीन भांडी, चार घाणे आणि दीड तास लपवतो, एवढं नोंदवून ठेवू.

पंधरा मिनिटांवाले आणि पोलीस

या पदार्थाची आजची रूपं मोबाईलवर दोन टोकांना सापडतात.

एका टोकाला रील. ‘फक्त पंधरा मिनिटांत’. वांग्याचे बारीक तुकडे, चमचाभर तेल, वर टोमॅटो प्युरी, झाकण, झालं. एअरफ्रायर असेल तर त्याचा एक क्लोजअप. वाईट लागत नाही. पण जे लागतं ते टोमॅटोच्या रश्यातलं वांगं. पदार्थाचा जो एकमेव युक्तिवाद होता, की वांगं वेगळं राहिलं पाहिजे, तोच काढून टाकला आणि नाव तेवढं ठेवलं.

दुसऱ्या टोकाला अस्सलतेचे पोलीस. पार्मेजान घातलंत? हा गुन्हा आहे. शेंगदाण्याच्या तेलात तळलंत? नॉर्मा म्हणू नका. यांचा जीव घटकांच्या यादीत अडकलेला असतो. गंमत म्हणजे त्या यादीतलं जवळजवळ काहीच मूळचं सिसिलीचं नाही. टोमॅटो अमेरिकेतून स्पेनमार्गे आला. बेसिल आशियातला, आपण फालुद्यात घालतो तो सब्जा म्हणजे याच जातीच्या झाडाचं बी. सुक्या शेवयांसारखा पास्ता पालेर्मोजवळच्या त्राबिया गावात बनून जहाजांनी बाहेर जातो, हे अल-इद्रीसी या भूगोलकाराने ११५४मध्ये लिहून ठेवलंय, आणि त्याने त्यासाठी वापरलेला शब्द ‘इत्रिया’ अरबी आहे.

आणि वांगं? वांगं आपल्या बाजूचं. संस्कृतातलं ‘वातिंगण’ फारसीत ‘बादिंगान’ झालं, अरबीत ‘बादिंजान’. तिथून स्पॅनिशमध्ये ‘बेरेनहेना’, पोर्तुगीजमध्ये ‘बेरिंजेला’, आणि पोर्तुगीजांबरोबर परत भारतात येऊन आपल्या इंग्रजीतलं ‘ब्रिंजल’. मराठीतलं ‘वांगं’ त्याच मुळाचं, फक्त ते घरीच राहिलं. इटालियनमध्ये ‘मेलानझाना’ झालं आणि लोकांनी त्यात ‘मेला इन्साना’ ऐकलं, म्हणजे वेडं सफरचंद. खाल्लं तर डोकं फिरेल! पेल्लेग्रिनो आर्तुझीच्या १८९१ सालच्या प्रसिद्ध पाककृतीच्या पुस्तकात नोंद आहे की चाळीस वर्षांपूर्वी फ्लॉरेन्सच्या बाजारात वांगी क्वचितच दिसत आणि ज्यूंचं खाणं म्हणून त्यांना तुच्छ मानलं जाई. आज जी भाजी इटालियनपणाची खूण आहे ती काही पिढ्यांपूर्वी तिथे परकी आणि हलकी होती.

म्हणून अस्सलपणा घटकांत शोधण्यात अर्थ नाही. तो मांडणीत आहे. रिकोत्ता सालाता आपल्याकडे सहज मिळत नाही. चीज बनवताना उरलेलं निवळीचं पाणी परत तापवून रिकोत्ता करतात (शब्दाचा अर्थच ‘पुन्हा शिजवलेलं’), ते दाबून, मीठ लावून, मुरवून सुकवलं की सालाता. ते वितळत नाही, बर्फासारखं पांढरं राहतं. मी पनीर दाबून, मीठ चोळून, फ्रिजमध्ये उघडं सुकवून किसतो. पनीर निवळीचं नसतं, अख्ख्या दुधाचं असतं, त्यामुळे चव वेगळीच. पण त्याचं काम ते करतं: खारट असतं, वितळत नाही, शेजारी राहतं. याउलट पिझ्झावरचं मोझरेला ‘इटालियन’ असूनही इथे चुकीचं, कारण ते वितळून सगळ्यांना एकत्र चिकटवतं. रील घाईत मांडणी मोडते. पोलिसांना ती दिसतच नाही, कारण ते पाकिटांवरची नावं वाचत असतात.

मग ऑपेरा

आता तुलनेची दुसरी बाजू. ज्याच्याशी तुलना केली ते काय आहे?

‘नॉर्मा’चा पहिला प्रयोग २६ डिसेंबर १८३१ रोजी मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात झाला. गोष्ट रोमन अमलाखालच्या गॉल प्रदेशातली. नॉर्मा ही तिथल्या लोकांची प्रमुख पुजारीण. लोक तिच्याकडे रोमविरुद्धच्या युद्धाचा कौल मागताहेत आणि तिला एका रोमन अधिकाऱ्यापासून गुपचूप दोन मुलं झालेली आहेत. तो आता दुसऱ्या, तरुण पुजारिणीच्या प्रेमात. शेवटी नॉर्मा सगळ्यांना जमवते, आपल्यातल्या एका पुजारिणीने देशाशी द्रोह केलाय असं जाहीर करते, चिता रचायला लावते, आणि नाव विचारल्यावर स्वतःचं नाव घेते.

नॉर्माची भूमिका पहिल्यांदा गायली ती ज्युदित्ता पास्ता या त्या काळातल्या थोर गायिकेने. हो, आडनाव पास्ता. नॉर्मा ही पहिल्या दिवसापासून पास्ताच होती, हा विनोद मी रचलेला नाही, इतिहासाने रचलाय.

पहिल्या रात्री प्रेक्षक थंड राहिले. बेल्लिनीने त्याच रात्री मित्राला पत्र लिहून प्रयोग आपटल्याचं कळवलं. पण पुढच्या प्रयोगांत चित्र पालटलं आणि त्याच हंगामात तीसहून अधिक प्रयोग झाले. म्हणजे ज्या कलाकृतीचं नाव पुढे ‘परिपूर्ण’ या अर्थाने वापरलं गेलं, तिलाही पहिल्या रात्री कमी तारेच मिळाले होते.

मी ऑपेरातला जाणकार नाही. पण ‘कास्ता दिवा’ हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध गाणं हेडफोन लावून चार-पाचदा ऐकलं तर एक गोष्ट कुणालाही कळेल. वाद्यं जवळजवळ काहीच करत नाहीत. आधी बासरी चाल सुचवते, मग तंतुवाद्यं एक साधी हेलकावणारी साथ धरतात आणि त्यावर आवाज एक लांब, न संपणारी ओळ काढत जातो. बेल्लिनीवर टीका याचीच झाली की त्याचा वाद्यमेळ गरीब आहे. वेर्दीने म्हातारपणी एका पत्रात हे मान्य केलं आणि पुढे म्हटलं की त्याच्याइतक्या लांब चाली त्याच्याआधी कुणी रचल्या नव्हत्या.

इथे मला त्या अनाम खवय्याची तुलना पटते. पास्ता आणि टोमॅटो ही साथ आहे. ती मुद्दाम कमी ठेवलीय. त्यावर वांगं गातं. साथीत कांदा, मिरची, क्रीम भरलं असतं तर गाणं ऐकू आलं नसतं. गरीब वाटणारी साथ ही उणीव नाही, आवाजासाठी मोकळी ठेवलेली जागा आहे, हे ऑपेराबद्दलचं वाक्य पदार्थाबद्दलही तसंच लागू पडतं. दोन वेगळ्या गोष्टी शेजारी ठेवल्यावर एकीमुळे दुसरी जास्त स्पष्ट दिसत असेल, तर ती तुलना कामाची.

याच्या पुढे मात्र लोक तुलना ताणतात. वांगं म्हणजे एत्नाचा काळा लाव्हा, टोमॅटो म्हणजे आग, चीज म्हणजे शिखरावरचा बर्फ, बेसिल म्हणजे उतारावरची हिरवळ. मेनूकार्डावर छान दिसतं. पण त्यामुळे ना एत्ना जास्त कळतो ना वांगं. रंगांवरून जुळवलेलं कोडं आहे ते.

तो माणूस आणि ती बाई

नावाची जन्मकथा दोन प्रकारे सांगतात. एक: ऑपेराच्या पहिल्या प्रयोगाच्या सन्मानार्थ कुणा आचाऱ्याने हा पदार्थ रचला. ही पटणं कठीण. प्रयोग मिलानमध्ये, पदार्थ हजारभर किलोमीटर दक्षिणेला. शिवाय टोमॅटो घातलेल्या शेवयांची कृती छापलेली दिसते ती इप्पोलितो काव्हालकान्तीच्या १८३९च्या पुस्तकात, तेही नेपल्समध्ये, पुस्तकाच्या नेपल्सच्या बोलीत लिहिलेल्या पुरवणीत. १८३१मध्ये टोमॅटोचा पास्ता हा सन्मान करण्याजोगा प्रतिष्ठित पदार्थ झालेला नव्हता.

दुसरी कथा कातानियात जास्त लाडकी आहे. निनो मार्तोल्यो (१८७०–१९२१) हा सिसिलियन बोलीत नाटकं आणि कविता लिहिणारा लेखक. पिरान्देल्लोचा मित्र, मूकपटांचाही दिग्दर्शक. एका घरी जेवायला गेला असता त्याच्यासमोर वांग्याचा पास्ता आला आणि पहिल्या घासालाच तो बोलीत उद्गारला, की ही तर खरीखुरी नॉर्मा. दंतकथा म्हणूनच घ्यायची. पण दंतकथाही वाचता येते.

ही कथा मला आवडते त्याचं कारण मार्तोल्यो बोलीचा लेखक होता हे आहे. इटलीच्या मुख्य भाषेतल्या बड्या साहित्यिकांना सिसिलियन बोली स्वयंपाकघरातली वाटायची. बेल्लिनी मात्र गावाचा दैवत. १८३५मध्ये पॅरिसजवळ जेमतेम ३३व्या वर्षी गेलेल्या या पोराचे अवशेष १८७६मध्ये कातानियाच्या कॅथेड्रलमध्ये आणून पुरले. १८९०मध्ये त्याच्या नावाचं भव्य नाट्यगृह उघडलं आणि तिथे पहिला प्रयोग ‘नॉर्मा’चाच झाला. गावातली सगळ्यात मोठी गोष्ट आणि गावातली रोजची गोष्ट यांना एका उद्गारात शेजारी बसवणं, तेही बोलीत, यात हिंमत आहे. आपल्याकडे समजा १९११च्या ‘संगीत मानापमान’च्या पहिल्या प्रयोगानंतर कुणी रसिक भरल्या वांग्यांना ‘वांगी मानापमान’ म्हणाला असता आणि ते नाव आजही पाटीवर असतं, तर कसं वाटलं असतं? मला तरी आवडलं असतं.

आणि नाव चपखलही ठरलं असतं, कारण या स्तुतीत मान आणि अपमान दोन्ही आहेत.

कथेत नीट बघा, कुणाकुणाची नावं आहेत. ऑपेराचं आहे. उद्गार काढणाऱ्याचं आहे. ज्याच्या घरी जेवण होतं त्या यजमानाचं काही ठिकाणी येतं. जिने वांग्यांना मीठ लावलं, एकेक काप पुसला, घाणे काढले, तिचं नाव काही आवृत्त्यांत आहे, बऱ्याच आवृत्त्यांत नाही, आणि मेनूवर तर कुठेच नाही. पदार्थ इतका चांगला होता म्हणून एका पुरुषाला एक चांगलं वाक्य सुचलं, आणि शंभर वर्षं आपण ते वाक्य खातोय.

‘अगदी हॉटेलसारखं झालंय!’

हे वाचून कातानियाला नावं ठेवायची गरज नाही. आमच्या घरातली सर्वोच्च पदवी माहितीये? ‘अगदी हॉटेलसारखं झालंय!’ बाबांचा हा शेरा वर्षातून पाच-सहा वेळा यायचा, पनीर असेल तर नक्की. आई त्यावर खूश व्हायची आणि लगेच म्हणायची, “हॉटेलात कोण करतंय एवढं?” लहानपणी मला हा संवाद विनोदी वाटायचा. आता वाटतं की आई त्या क्षणी स्तुतीची समीक्षा करत होती, आणि ती समीक्षा बरोबर होती. मोजपट्टी हॉटेलची, श्रम तिचे. पदार्थ जितका चांगला तितका तो तिच्यापासून लांब जाऊन कुठल्या तरी हॉटेलच्या जवळ पोचायचा. नेहमीची भाजी चांगली झाली तर ती फक्त ‘भाजी’. त्यावर शेराच नाही.

आता फ्लॅटवर रविवारी मी पास्ता करतो आणि रूममेट म्हणतात, “भावा, एकदम रेस्टॉरंट!” मलाही बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण शेरा तोच आहे, फक्त इथे करणारा मुलगा असल्यामुळे त्याला वर कौतुकाचं ब्याजही मिळतं. आईने तीस वर्षं रोज केलेल्याला जे नाव मिळालं नाही ते मला दीड तासात मिळतं.

तरी ‘हॉटेलसारखं’ आणि ‘नॉर्मा’ यांत मी फरक करतो. ‘हॉटेलसारखं’ म्हणताना आपण गृहीत धरतो की घरचं ते खालचं आणि बाहेरचं ते वरचं. ‘नॉर्मा’ म्हणणाऱ्याने आपल्याच गावातली सगळ्यात उंच गोष्ट खाली ताटापर्यंत आणली. पहिलीत न्यूनगंड आहे, दुसरीत अभिमान. शिवाय दुसरी तुलना आपण वर पाहिली तशी आतून खरी आहे. ‘हॉटेलसारखं’मधून पदार्थाबद्दल काहीच कळत नाही, कारण कुठलं हॉटेल, त्याचं काय? ते खाण्यातलं एलजीटीएम आहे.

पण दोन्ही स्तुती एका जागी सारख्याच अपुऱ्या पडतात. दोन्ही पदार्थ कशासारखा आहे ते सांगतात. कसा झालाय आणि कुणी केलाय, ते नाही.

कोड रिव्ह्यूमध्ये मला मिळालेला सगळ्यात चांगला शेरा एका सीनिअर मैत्रिणीचा होता. तिने एका विशिष्ट ओळीवर बोट ठेवून लिहिलं होतं, की इथे नेटवर्क गेलं तर काय याचा तू विचार केलायस, मी असते तर विसरले असते. त्यात ‘ग्रेट’, ‘सुपर’ काही नव्हतं. पण मी जिथे वेळ घातला होता ती जागा तिला सापडली होती. कुठल्याही कारागिराला, लेखकाला, स्वयंपाक करणाऱ्याला हेच हवं असतं: आपण जिथे जीव ओतला ती जागा समोरच्याला सापडावी. समीक्षेचं पहिलं काम मला हेच वाटतं. उपमा त्यानंतर. उपमा चांगली असेल तर ती टिकते, शंभर वर्षं टिकते, पण ती जागा शोधण्याऐवजी वापरली की करणारी व्यक्ती गायब होते.

त्यामुळे माझा निकाल असा. पदार्थ: अप्रतिम, घाई नसेल तरच करा, आणि वांगी वेगळी तळा. नाव: ठेवा, खरं आहे. रिव्ह्यू म्हणून: पाचपैकी साडेतीन. दीड तारा कापला तो एका प्रश्नासाठी, जो त्या जेवणाच्या टेबलावर कुणीतरी विचारायला हवा होता आणि आजही कुठल्याही टेबलावर विचारता येतो. फार अवघड नाही तो. वांगी इतकी मऊ आणि तरी तेलकट नाहीत, कशी केलीत? मीठ लावून ठेवली होती का? किती वेळ?